हिरव्या गाडीची मालकीण

३ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद सवयीने लिहायला घेतले होते, हात आवरला. तुझा खुलासा आल्यावर द्यायचे की नाही ते बघीन.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो ताई, बरोबर ताई" करत माझं वाक्य संपायच्या आत ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही.

काल सकाळी साडेदहाला एक टेम्पो दारात येऊन उभा राहिला. आतून एक इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा उतरला आणि विचारतो, "मालकीणबाई आहेत का?" मी म्हटलं, मालक वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही भाडेकरू. तर म्हणतो, "घराच्या नाही हो, गाडीच्या मालकीणबाई!" आणि माझं पूर्ण नाव वाचून दाखवलं, माहेरच्या नावासकट.

फळी लावून मोटारसायकल खाली उतरवली. गडद हिरवी. पुढे थाळीएवढा गोल दिवा, पेट्रोलची टाकी पोट आल्यासारखी, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबरी पट्ट्या, सीटखाली स्प्रिंगा. शेजारची दोन्ही बिऱ्हाडं जिन्यात जमा झाली. मी विचारलं, जुनी आहे का? मुलगा म्हणाला, "नवी कोरी, मॅडम. फक्त दिसायला जुनी. आता हीच फॅशन आहे." मी म्हटलं, आमच्या घरात खरोखरच्या जुन्या वस्तू पुष्कळ आहेत, त्यांचे फोटो काढायला कोणी जिन्यात जमत नाही.

आता सहीचं ऐक. माळ पुरी होईपर्यंत मी सकाळी तोंड उघडत नाही, हे तुला ठाऊक आहे. तीस वर्षांचा नेम. देवाला तो किती पावला देव जाणे, पण घरातल्यांना भरपूर पावला. ज्याला काही कबूल करून घ्यायचं असतं तो नेमका तेव्हाच समोर येतो. गेल्या महिन्यात ह्यांनी असेच तीन कागद पुढे सरकवले. "गॅसच्या जोडणीचे आहेत, इथे, इथे आणि इथे." मी माळ डाव्या हातात घेतली आणि तीन सह्या ठोकल्या. वाण्याची चिठ्ठी दोनदा वाचणारी बाई मी! देवापुढे बसले होते म्हणून वाचलं नाही, आणि देवापुढेच फसवली गेले.

ह्यांना विचारलं तर पेपरात तोंड. "मी फक्त सही आणली. बाकी तू धाकट्याला विचार." म्हणजे बेत दोघांचा. निवृत्त होऊन वर्ष झालं, आता ह्यांना रानोमाळ हिंडायची लहर आली आहे, आणि मी बोलू नये म्हणून गाडी माझ्या नावावर. बासष्टाव्या वर्षी माणसाने गुडघ्याला तेल लावावं, साखळीला नाही. त्यात ह्यांना चालवता येत नाही! म्हणजे आधी शिकणार, मग पडणार, आणि दवाखान्यात डबे मी पोचवणार.

मेहुण्याचे लाड करायचे तर शर्ट पाठव. ही गाडी पंधरा तारखेच्या आत घेऊन जा. जिन्याखाली उभी आहे, वर जुनी चादर टाकली आहे. घरभाडं मी भरते, तिचं कोण भरणार?

तुझी,
ताई

९ जून

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. आडवाच पडलो आहे, आता पाठीत काय घालायचं ते घाल.

भाऊजींवर रागावू नकोस. त्यांचा गुन्हा सहीपुरता. गाडी त्यांना नाही, तुला दिली आहे. कोणी सांगितलं नाही, मीच ठरवलं.

झालं असं, गॅरेजसाठी सुटे भाग आणायला गेलो होतो, तिथल्या शोरूमच्या काचेत ही उभी. ताई, माझा पायच निघेना! हुबेहूब नानांची गाडी. तोच हिरवा रंग, तोच दिवा, टाकीच्या त्याच रबरी पट्ट्या. आत गेलो आणि बसून पाहिली. आवाजसुद्धा तसाच, फक्त नानांच्या गाडीसारखा धूर नाही आणि रस्त्यात रुसणं नाही. किक आहे आणि बटणही आहे. मला वाटलं, ही ताईकडे गेली पाहिजे. लहानपणी गाडीची हौस तुलाच होती. नाना रविवारी गाडी पुसायला काढायचे तेव्हा फडकं तुझ्या हातात असायचं. किक मारायला त्यांनी तुला शिकवलं, मला नाही. येत्या वर्षी तुला साठ पुरी होतील. भावाने बहिणीला एवढंही देऊ नये का?

चालवलीच पाहिजे असं नाही. नुसती बसत जा.

इकडे सगळं ठीक. गॅरेज आता मुलगाच बघतो, मी स्टुलावर बसून चुका काढतो. आई ठणठणीत आहे, त्र्याऐंशी पुरी झाली तरी फाटकापाशी खुर्ची टाकून सगळ्या गल्लीचा हिशेब ठेवते. परवा मीटर वाचायला माणूस आला, त्याला फाटकाचा पोचा दाखवत होती. "ही आमच्या लेकीची करामत बरं का! गाडी न विचारता काढली आणि घातली फाटकावर. आमचा धाकटा मात्र गरीब गाय." तो बिचारा हसला. मीही हसलो.

राग सोड. गाडीला ऊन लागू देऊ नकोस, रंग जातो.

तुझा,
धाकटा

१४ जून

धाकट्यास,

"मीही हसलो."

हे दोन शब्द मी दोन दिवस वाचते आहे. त्याआधीचं पत्र किती गोड लिहिलं होतंस! आणि मग तुझ्याच हाताने हे लिहून गेलास, आणि तुला कळलंसुद्धा नाही.

ठीक आहे. गाडी कशाची आहे ते आता मला समजलं. तुझ्या तोंडून येत नसेल तर मी लिहिते, म्हणजे निदान एका कागदावर तरी ते खरं राहील.

बेचाळीस वर्षं झाली. मॅट्रिकचा निकाल लागून दहा दिवस झाले होते, मला पहिला वर्ग होता. कॉलेजचा फॉर्म भरून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला होता, त्यावर फक्त नानांची सही राहिली होती. नाना दुपारचे झोपले होते. आईने मला पोस्टाची तिकिटं आणायला पाठवलं. अंगणाला शेडपासून फाटकापर्यंत उतार आहे, तो आजही आहे. नानांची गाडी वर शेडमध्ये स्टँडवर उभी होती. मी गल्लीच्या तोंडाशी आले आणि धाडकन आवाज झाला. फाटकाची डावी झडप चेपून रस्त्याकडे आली होती, गाडी आत आडवी, आणि तिच्याखाली तू. बारा वर्षांचा. तू ती चालूसुद्धा केली नव्हतीस, नुसती स्टँडवरून काढून वर बसलास आणि ती उतारावरून सुटली. मी फाटकावरून उडी मारून आत आले, तुझ्या पायावरची गाडी उचलली, हँडल धरून ती सरळ करत होते, आणि तेवढ्यात आई आणि नाना बाहेर आले.

त्यांनी काय पाहिलं? मी हँडल धरून उभी, आणि तू भिंतीला चिकटलेला, श्वास लागलेला. तुझी छाती तेव्हा नाजूक होती. नानांनी कमरेचा पट्टा काढला. मी म्हटलं, "मी काढली."

पट्टा त्यांनी परत कमरेला लावला. मुलीवर हात उचलत नसत ते. आत गेले, टेबलावरचा माझा फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि त्या टेबलाचा एक पाय आखूड होता त्याखाली सरकवला. म्हणाले, "जी घरातली गाडी न विचारता काढते, ती कॉलेजात काय काय काढील!" टेबल हलायचं थांबलं. वर्षाच्या आत माझं लग्न.

फिरतीची नोकरी त्यांची, गाडी दुरुस्त होईपर्यंत दीड महिना पायी फिरले. फाटक मात्र दुरुस्त केलं नाही. "राहू दे, डोळ्यांसमोर असलेलं बरं." कोणाच्या डोळ्यांसमोर रे?

मी एका संध्याकाळपुरतं खोटं बोलले होते. मला वाटलं, सकाळी तू जाऊन सांगशील. त्या संध्याकाळी तू दोनदा वाढून घेतलंस, मला आठवतं. सकाळी शाळेत गेलास. मग मोठा झालास, गॅरेज काढलंस, दुनियेचे चेपलेले पत्रे सरळ केलेस. घरच्या फाटकाला हातोडी लावायला तुला बेचाळीस वर्षांत वेळ मिळाला नाही. वाकडं ठेवण्यात तुझा फायदा होता.

आणि आता मोटारसायकल पाठवतोस! नुसती बसत जा म्हणे!

तर ऐक. गाडी परत न्यायला येऊ नकोस. माझ्या नावावर आहे, तिचं काय करायचं ते मी ठरवीन. तू एकच कर. फाटकापाशी आईची खुर्ची असते, तिथे जाऊन तिला सांग. मी केलं, ताईने नाही. चार शब्दही पुरे होतील. मला कळव. ते होईपर्यंत मला ताई म्हणू नकोस.

२ जुलै

ति. ताईस (म्हणणारच),

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं.

तुझा शब्द न् शब्द खरा आहे. मी नाही कुठे म्हणतो? पण जरा माझ्या जागी बस. आईचं वय बघ. रक्तदाब वरखाली होतो, डॉक्टरांनी धक्का लागू देऊ नका म्हणून सांगितलं आहे. नाना गेले त्याला एकवीस वर्षं झाली. आता सांगून कोणाचं काय भलं होणार? तुझं कॉलेज परत येणार आहे का? मी बारा वर्षांचा होतो, ताई. घाबरलो होतो. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग ते लांबलं. मग लांबलेलं सांगायची लाज वाटायला लागली. लाज साठत गेली की माणूस तिच्यावर बसून जेवायला लागतो, तसं झालं.

मुलगा, सून, नातू, सगळे आईचं ऐकून हसतात. त्यांच्यासमोर मी काय तोंड दाखवू? म्हणून गाडी घेतली. चांगले आठ महिने नंबर लावून घेतली. मला वाटलं होतं, तू न बोलता समजशील.

तूच का नाही सांगत तिला? तुझं ती ऐकेल.

धाकटा

६ जुलै

धाकट्यास,

"तूच का नाही सांगत." वा रे शहाण्या! बेचाळीस वर्षांनी चोर म्हणतो, साक्षही मालकानेच द्यावी.

आईला मी सांगितलं असतं, तर ती काय म्हणाली असती तुला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच मला पुढे करतोस. आणि तिच्या रक्तदाबाचं मला सांगू नकोस. मीटरवाल्याला माझी गोष्ट सांगताना तो वाढत नाही, तुझी ऐकताना बरा वाढेल!

इकडची बातमी देते, वाचून झोप उडाली तर बरं होईल. परवा हे सगळं मी ह्यांना सांगितलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ऐकून ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "लग्न ठरलं तेव्हा तुझे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले होते, मुलगी सुगरण आहे, देवभोळी आहे, काही लपवत नाही, फक्त तिला गाडीपासून लांब ठेवा. म्हणून मी कधी गाडी घेतलीच नाही." आणि मी समजत होते की ह्यांना भीती वाटते! ह्यांना वाटायचं मला भीती वाटते. ऑफिसातले सगळे स्कूटरवरून जात. मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा ह्यांनी तिला खांद्यावर टाकून बस गाठली होती. तुझ्या एका गप्प बसण्याने माझा नवरा आयुष्यभर बसस्टॉपवर उभा राहिला, धाकट्या. त्याचं काय करतोस? त्यांच्यासाठी अजून एक गाडी पाठवशील?

मी तर माळ ओढता ओढता तुझ्यासाठी आयुष्य मागत आले. आता माळ हातात घेतली की तुझं नाव येतं आणि राग येतो, राग आला की मोजणी चुकते, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. नऊ वाजून जातात. देवाचासुद्धा वेळ खातो आहेस तू.

काल दुपारी चादर काढली. बटणाला हात लावला नाही. उजवा पाय किकवर ठेवला, नाना सांगायचे तसं आधी दोनदा हलकं दाबून घेतलं, मग अंग टाकलं. पहिल्या किकेत सुरू झाली. जिना दणाणला. वरचे मालक गॅलरीत आले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, जुनी ओळख निघाली.

महिनाअखेरीपर्यंतची मुदत. त्यानंतर मला पत्र लिहू नकोस.

२९ जुलै

ति. ताईस,

सांगितलं.

रविवारी सकाळी. आई खुर्चीत होती. मी समोर पायरीवर बसलो. घरातले सगळे बाजारात गेले होते, तेवढी मुभा घेतली, खोटं बोलत नाही. म्हटलं, "आई, तो पोचा ताईने नाही पाडला, मी पाडला. ताईने माझ्यासाठी अंगावर घेतलं."

आई हसली! म्हणाली, "ताईने पढवून पाठवलं ना तुला? म्हातारपणी तिला आता बरं दिसायचं आहे." मी म्हटलं, नाही गं, खरंच मी. तर म्हणे, "चल, खुळ्या! तू एवढासा होतास. तुझे पाय तरी पोचत होते का त्या गाडीला?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शेजारच्या काकू येत होत्या, त्यांना हाक मारून सांगते कशी, "ऐकलंत? बहिणीचा डाग स्वतःच्या अंगाला लावून घेतोय. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं!" काकूंनी मान डोलवली.

दुपारी मला आवडतं म्हणून मुद्दाम गोड करवून घेतलं तिने.

ताई, मी खरं सांगितलं आणि होतो त्याहून चांगला ठरलो. आता मी काय करू? तूच सांग.

धाकटा

४ ऑगस्ट

धाकट्यास,

पत्र वाचून आधी मला हसू आलं. ह्यांना वाचून दाखवताना पाणी आलं डोळ्यांत हसून हसून. मग असा राग आला की हातातली कढई सिंकमध्ये आपटली. चाळीस वर्षांची कढई, तिलाही आता पोचा आहे. हा मात्र माझा, कबूल.

काय करू म्हणतोस? आईने तुला उत्तर तुझ्या हातात दिलं होतं. "तुझे पाय पोचत होते का?" नव्हते पोचत. म्हणून तर पायातला ब्रेक लागला नाही! म्हणून तर गाडी उतारावरून थेट फाटकात गेली! माझे पोचत होते. मी असते तर फाटकाच्या अलीकडे थांबले असते. एवढं सांगायला तुझी जीभ का पोचली नाही? गॅरेजवाला ना तू? तिने डोक्यावरून हात फिरवला आणि तू मांजरासारखा डोळे मिटून बसलास. बाराव्या वर्षी केलंस तेच चोपन्नाव्या वर्षी केलंस. तेव्हा लहान होतास म्हणून माफ असतं. आता कशाचं माफ?

वर गोड खाल्लंस.

मी येणार आहे. गाडी शिकायला शिकवणी लावली होती, परवान्याची परीक्षा मंगळवारी झाली. साहेब म्हणाले, "आजी, मागे कोणाला बसवणार?" मी म्हटलं, "आजोबांना." आठाचा आकडा काढायला लावला, पाय टेकला नाही. पास.

येत्या रविवारी अकराच्या सुमाराला पोचू. तीन गोष्टी लक्षात ठेव. फाटकाला हात लावू नकोस, आहे तसं राहू दे. आईला खुर्ची रोजच्या जागी टाकून दे. आणि मी तिच्याशी एक शब्द बोलणार नाही, समजलं? माळ पुरी न करताच निघणार आहे, मौनातच येईन. बोलायचं काम तुझं. ह्या वेळी मी तुझ्या जागी उभी राहणार नाही.

१२ ऑगस्ट

ति. ताईस,

तू दहा मिनिटंही थांबली नाहीस. पाणीसुद्धा भाऊजीच प्यायले. हेल्मेट काढल्यावर त्यांचे केस उभे होते आणि चेहऱ्यावर असं हसू, की मला त्यांच्याकडे बघवेना.

तू उघड्या झडपेतून आत आलीस, तेव्हाच आई खुर्चीत सरळ झाली. तिला वाटलं नाना आले. खरंच सांगतो, तिने पदर सारखा केला. मग तू इंजिन बंद केलंस आणि गाडी ढकलत शेडपर्यंत नेलीस. भाऊजी मदतीला धावले, त्यांना हाताने थांबवलंस. गाडी वळवलीस, वर बसलीस आणि पाय उचललेस. मला तेव्हा कळलं काय करते आहेस ते. मी डोळे मिटले, ताई. उतारावर चाकांचा तोच आवाज. मग काहीच नाही. उघडले तर तू थांबलेली, पुढचं चाक पोच्यापासून वीतभर अलीकडे, आणि उजवा पाय ब्रेकवर. आईकडे एकदा बघितलंस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. भाऊजी मागे बसले, किक मारलीस, गेलात.

आई बराच वेळ त्या पायाच्या जागेकडे बघत होती. मग म्हणाली, "तुझे पाय पोचत नव्हते ना रे?"

मी म्हटलं, "नाही."

"मग ब्रेक कसा लागला असेल?"

"नाही लागला, आई. म्हणूनच धडकलो. ताई घरातच नव्हती. तू तिला तिकिटं आणायला पाठवलं होतंस."

मला वाटलं झालं, आता हिला काहीतरी होणार, डॉक्टरांना बोलवावं लागणार. तिने जवळ बोलावलं. वाकलो, आणि तिने फाडकन थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. सुनेसमोर, नातवासमोर. म्हणाली, "ही नानांची. माझी अजून राहिली आहे." सगळ्यांना ऐकू जाईल असं मी मग पहिल्यापासून सांगितलं. दोनदा वाढून घेतलं तेसुद्धा. तिला ते आठवत होतं. म्हणाली, "मला वाटलं होतं, मार चुकला म्हणून भूक लागली पोराला."

शेजारच्या काकू संध्याकाळी आल्या, त्यांनाही मीच सांगितलं. आईने सांगायला लावलं. उद्या मीटरवाला येणार आहे.

ती त्या दिवशी जेवली नाही. सकाळी मला हाक मारली आणि म्हणाली, बाहेरचं टेबल उचल. टेबल तेच आहे, आजवर कोणी ते हलवलंही नव्हतं आणि त्याच्या पायाखाली पाहिलंही नव्हतं. कागद पुठ्ठ्यासारखा झाला होता, कडा काळ्या, फरशीला चिकटलेला. पातं घालून काढला. आईने मांडीवर घेतला आणि एकेक घडी उघडली. मधला भाग स्वच्छ राहिला आहे, तिथे तुझं नाव नीट वाचता येतं. तिला म्हटलं, ताईला दोन ओळी लिहितेस? म्हणाली, "कोणत्या तोंडाने लिहू?" मग म्हणाली, "कागद तेवढा पाठव. तिचा आहे."

सोबत ठेवला आहे. जपून उघड, घडीवर तुटतो.

मला उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

धाकटा

१७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

कागद पोचला. एका घडीवर तुटला, पण दोन्ही तुकडे आहेत. नाव माझंच आहे, अक्षर मात्र ओळखू आलं नाही. तेव्हा मी अक्षर गोल काढत असे. नंतर ते घाईचं झालं. आवडीचा विषय म्हणून गणित लिहिलं होतं, हे मी पार विसरले होते. ह्यांनी विचारलं, कुठे ठेवायचा? मी अजून सांगितलेलं नाही.

राग गेला का, असं मनात येत असेल तर विचारू नकोस. काल माळ पहिल्या फेरीत पुरी झाली, एवढंच सांगते. त्यात तू होतास.

आईला सांग, पुढच्या रविवारी येते. या वेळी बोलेन. तिला बोलायचं नसेल तर तिने नुसतं बसावं, मला घाई नाही. गाडी माझ्याकडेच राहील. तिला तुझी भेट म्हणू नकोस, लोकांनी विचारलं तर ताईची गाडी आहे म्हणावं. ह्यांनी स्वतःचं हेल्मेट विकत घेतलं आहे, त्यावर मी काही बोलले नाही.

मी यायच्या आत फाटक सरळ कर. तू स्वतः कर, मुलाला लावू नकोस. दोन्ही झडपा उघडल्या पाहिजेत.

टेबल आता हलत असेल. आईचा पेला सांडेल, ती म्हणेल पायाखाली काहीतरी घाल. घालू नकोस. हलू दे.

तुझी,
ताई